बाजूच्या सीटचा विमा

सोमवार, ४ फेब्रुवारी

विमावाल्या बाईंचा फोन. तिसऱ्यांदा! गाडीचा विमा महिनाअखेरीला संपतोय. "ताई, आत्ताच करून टाका, मग शेवटच्या दिवशी तोंडचं पाणी पळतं."

गेली दोन वर्षं हे सगळं लेक बघायची, तिच्या गावाहून, फोनवरच. यंदा म्हणाली, "आई, गाडी तू चालवतेस, तर विमाही तूच बघ." बरं. बघते.

बाईंचा प्रश्न असा: माणसांच्या इजेचं संरक्षण घालायचं का? म्हणजे अपघातात गाडीत बसलेल्या माणसाला लागलं, हात मोडला, पाय मोडला, किंवा त्याहून वाईट काही झालं, तर. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग सक्तीचा असतो. हा ऐच्छिक. हवा तर घ्या, नको तर सोडा.

"तुमच्या गाडीत कोण कोण बसतं?"

मी म्हटलं, मी. आणि पडदे.

फोन ठेवल्यावर आठवलं. आणि वन्सं!

मंगळवार, ५ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पडद्यांची मापं घ्यायला गेलो होतो. वेटिंगरूमला चार खिडक्या, चारही वेगवेगळ्या उंचीच्या. जुनं घर फोडून दवाखाना केला की असंच होतं. वन्संनी फितीचं एक टोक धरलं, मी दुसरं. वन्सं आकडा मोठ्याने सांगतात, मी लिहिते. दुकान माझं असलं तरी लोकांना वाटतं मालकीण त्या. आवाजच तसा आहे. उभा जन्म हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला. तिथे सगळे "सिस्टर" म्हणायचे, आणि घरी हेसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचे. सख्खी थोरली बहीण, त्यात नर्स! ह्यांना हा विनोद आयुष्यभर पुरला.

येताना गाडीत नेहमीचंच.

"डावीकडून सायकल."

"दिसतेय, वन्सं."

"डावीकडून म्हातारबाबा. पिशवी घेऊन."

"दिसतायत."

"दिसत असतील. सांगायला काय जातं?"

काही जात नाही. माझं डोकं तेवढं जातं!

हे गेले त्याला तीन वर्षं होतील. गाडी अंगणात धूळ खात उभी होती. पडद्यांच्या दांड्या भाड्याच्या गाडीत मावत नाहीत, ड्रायव्हर कुरकुरतात. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी शिकले. ज्या दिवशी पहिल्यांदा एकटी निघाले, त्या दिवशी वन्सं फाटकाशी उभ्या, पर्स दोन्ही हातांत धरून. पुढचं दार उघडलं आणि बसल्या. त्या दिवसापासून रोज बसतात. दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली आहे. सकाळी साडेनऊला फाटकाशी हजर.

मी काही बोलावलं नव्हतं. नको असंही म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

शिवणाच्या मशीनवर बसलं की डोकं मागे मागे जातं. आज दिवसभर पहिली गाडी आठवत होती.

लेक चार वर्षांची होती. हे संध्याकाळी गाडी घेऊन आले. जुनीच, निळी, एका दाराचा रंग वेगळा. गल्लीतली सगळी पोरं भोवती. मी नवी साडी नेसले, केसांना पिना लावल्या. गाडीत पहिल्यांदा बसायचं म्हणजे काय साधी गोष्ट होती! मी पुढच्या दाराशी गेले, तर ह्यांनी मागचं दार उघडून धरलं.

"अगं, सिस्टरला गाडी लागते ना. तिला पुढे बसू दे."

वन्सं आधीच पुढे. मांडीवर रुमाल, हातात लिंबू.

मी मागे बसले. एकदाच, म्हटलं. पाहुण्या माणसासारखं.

एकदाच कुठलं! अठ्ठावीस वर्षं! तीन गाड्या बदलल्या, सीटा बदलल्या नाहीत. लग्नाला निघालो, वन्सं पुढे. धरण बघायला निघालो, वन्सं पुढे. माझे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा रडत रडत माहेरी निघाले, तेव्हाही मी मागे. वन्सं पुढे, लिंबू हुंगत. त्या दिवशी मला ते लिंबू खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटलं होतं.

आणि ब्रेक लागला की ह्यांचा डावा हात आडवा व्हायचा. वन्संच्या पुढ्यात. आपोआप, आपण पडत्या मुलाला धरतो ना, तसा. मी मागून बघायचे. माझ्यापर्यंत हात कसा पोचणार? तेव्हा कळत होतंच. तरी बघायचे.

ह्यांची शीळ मात्र मागच्या सीटवर छान ऐकू यायची. खिडक्या अर्ध्या उघड्या, लेक माझ्या मांडीवर पेंगलेली, आणि ह्यांची शीळ. सूर कुठलाच नाही, नुसतंच पाण्यासारखं वाहतं काहीतरी. तेवढ्यासाठी मी अजून अठ्ठावीस वर्षं मागे बसले असते.

सोमवार, ११ फेब्रुवारी

विमावाल्या बाई घरीच आल्या. ठेंगण्याठुसक्या, बोलताना मान डोलावतात. ह्यांना ओळखायच्या. चहा घेतला, पडद्याचं कापड हाताळून बघितलं, "हे माझ्या हॉलला छान दिसेल" म्हणाल्या, भावही विचारला. मग मुद्द्यावर.

"तुमचे साहेब हे संरक्षण दरवर्षी घ्यायचे. एकदाही सोडलं नाही. सोबतच्या माणसांचं आधी लिहा, माझं नंतर, म्हणायचे."

मला ठाऊकच नव्हतं! लेकीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "हो, मीच काढून टाकलं. म्हटलं आई तर एकटीच असते गाडीत."

आणि मग मी असा प्रश्न विचारला की आता लिहितानाही लाज वाटते. बाईंना म्हटलं, "हे सीटवार मिळतं का? म्हणजे नुसतं मागच्या सीटचं घेतलं तर?"

बाई बघतच राहिल्या. "मागे कोण बसतं?"

"सध्या कोणी नाही."

"मग पडद्यांचा विमा काढायचाय का, ताई?"

दोघी हसलो. पण ह्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. सोबतच्या माणसांचं आधी लिहा! सोबत म्हणजे कोण? हात आडवा कोणापुढे जायचा, हे मी बघितलंय.

विचार करून सांगते म्हटलं. यात विचार करण्यासारखं काय आहे ते बाईंना कळलं नाही. कळणार कसं!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज सिग्नलला वन्संना सहज सांगितलं. म्हणजे सहजच सांगायचं ठरवलं होतं. की असं असं आहे, सोबतच्या माणसाच्या इजेचा विमा मिळतो, घ्यावा का?

"काही नको," वन्सं म्हणाल्या. "माझ्या नावाने कोणाला पैसे मिळायचेत? ना मूल ना बाळ."

"मेल्यावरचं नाही फक्त. हातपाय मोडला तरी—"

"मोडला तर मोडला. वॉर्डात आयुष्य गेलं माझं. शेकड्यांनी मोडलेले पाय बघितलेत. पैसे मिळतात गं. पण भांडं कोण देतं, कूस कोण बदलतं, ते त्या कागदावर नसतं." आणि वर म्हणाल्या, "माझं कोण करणार आहे?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न. मी गाडी काढली.

"मी" म्हणायचं होतं. एक अक्षर! सिग्नल आणखी थोडा लाल राहिला असता तर म्हटलं असतं, असं स्वतःला सांगत घरी आले. खोटं आहे ते.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

वन्सं दोन दिवस आल्या नाहीत. पाय दुखतोय म्हणे. आज एका घरी मापं घेताना फितीचं दुसरं टोक भिंतीला चिकटपट्टीने लावलं. पडलं. परत लावलं. परत पडलं. घरमालकीण म्हणाली, "त्या मोठ्या बाई नाही आल्या आज?"

शनिवार, १६ फेब्रुवारी

लेकीशी लांबलचक बोलणं. विषय विम्याचा, आणि पोचलो कुठल्या कुठे! तिला निळी गाडी आठवते. वेगळ्या रंगाचं दार आठवतं. "पाऊस आला की त्या दारातून थेंब थेंब आत यायचं, तू बादली म्हणून तुझा डबा धरायचीस."

मग म्हणाली, "आई, मला ना लहानपणी आत्याची कीव यायची."

"कीव? कशाची?"

"ती पुढे एकटी ताठ बसायची. इकडे बघ, तिकडे बघ. तिला ना झोपता यायचं, ना खाता यायचं. आपण दोघी मागे मजेत. तुझ्या मांडीवर डोकं, तुझ्या पदरात खाऊ. मला वाटायचं गाडीत खरी सीट मागचीच. पुढची म्हणजे शिक्षा."

इतकी वर्षं मी ज्या सीटला शिक्षा म्हणत होते, ती माझ्या लेकीचा राजवाडा होती.

"घेऊन टाक गं ते संरक्षण," शेवटी म्हणाली. "मी उगाच काढलं. मला कुठे माहीत होतं आत्या रोज असते."

तिलाही माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

घरी यायला रात्र झाली. तरी लिहिते.

वन्सं आज आल्या. विम्याबद्दल अवाक्षर नाही, मीही काढलं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पडदे लावायचे होते. मागे पडद्यांची गाठोडी, आणि दोन सीटांच्या मधून दांड्या. चार लांब दांड्या, नेहमी बांधते तशा सुतळीने बांधलेल्या. नीट बांधल्या होत्या. असं वाटतंय तरी.

बाजाराच्या वळणावर वन्सं ओरडल्या, "डावीकडून!"

या वेळी मला खरंच दिसलं नव्हतं. पार्सलवाल्याची मोटरसायकल, दोन उभ्या गाड्यांच्या मधून एकदम बाहेर. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना! गाडी थांबली. तो मोटरसायकलवाला हातभर अंतरावरून निसटला, मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

आणि माझा डावा हात आडवा झाला होता. वन्संच्या पुढ्यात. मी केला नाही, झाला.

दोघी त्या हाताकडे बघत होतो. वन्सं म्हणाल्या, "अगदी तस्सा." मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला आधी वाटलं, भावाच्या आठवणीने. तसं नव्हतं. दांड्या सुटून पुढे आल्या होत्या, एक थेट त्यांच्या खांद्यावर, मागून. पट्ट्याने माणूस धरला होता, दांडी कोण धरणार?

"काही नाही," म्हणाल्या. "मुका मार आहे." आणि हात वर करायला गेल्या तर होईना.

त्यांच्याच हॉस्पिटलात नेलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

मी तोंड उघडण्याआधीच वन्सं बोलल्या. "ही माझ्या भावाची बायको."

खरं तेच सांगितलं त्यांनी. मग एवढं का लागलं मला?

गळपट्टीचं हाड चिरलंय. हात झोळीत, दीड-दोन महिने. रात्रभर तिथेच ठेवून घेतलंय.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचंय. उद्या मला खरं वाटणार नाही.

सकाळी गेले तर वन्सं कॉटवर उशीला टेकून बसलेल्या, झोळीतला हात, केस विस्कटलेले. त्यांचे केस विस्कटलेले मी प्रथमच बघितले! डॉक्टरांची वाट बघायची होती. तिथे त्यांना ओळखणारं कोणी राहिलं नाही. नव्या मुली "आजी, आजी" करत होत्या. या वॉर्डात ज्यांच्या चपलांचा आवाज आला की सगळे सरळ बसायचे, त्या आजी! त्या मात्र भिंतीकडे बघून सांगत होत्या — इथे लाकडी बाक होते, तिथे औषधांचं कपाट, या खिडकीतून धाकटा डबा द्यायचा मला, रात्रपाळी असली की. धाकटा म्हणजे हे.

मी म्हटलं, "आज घरी जाताना गाडी हळू चालवीन. तुम्हाला आधीच गाडी लागते."

"मला गाडी लागत नाही."

"काय?"

"कधीच लागली नाही."

मला वाटलं औषधाची गुंगी आहे. म्हटलं, "वन्सं, मग लिंबू?"

"लिंबू तुझ्या नवऱ्याची अक्कल! खरं वाटावं म्हणून. मला तर त्या वासानेच मळमळायचं."

मग सगळं सांगितलं. तुटक तुटक, मधे पाणी मागत. ह्यांचा डावा डोळा जन्मापासून अधू. बघायला अगदी चांगला, पण दिसायचं ते धुक्यातलं. उजेड कळायचा, हालचाल कळायची, बाकी काही नाही. परवाना रीतसर काढला होता, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, एका डोळ्यानेही चालवता येते, मान वळवून बघायची सवय ठेवा. सवय ठेवली. तरी भीती गेली नाही. स्वतःची नव्हे, मागे बायको आणि पोर बसणार याची. गाडी आणायच्या आदल्या दिवशी बहिणीच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "सिस्टर, डावी बाजू तू बघ. तू असलीस तरच मी त्या दोघींना घेऊन निघेन."

"मला का नाही सांगितलं?"

"लग्न जमवताना आईने सांगू दिलं नाही. मुलगी नाही म्हणेल म्हणाली. मग धाकटा म्हणाला, पहिल्या वर्षात सांगतो. मग पोर झालं. मग म्हणाला, आता सांगितलं तर तिला वाटेल इतकी वर्षं फसवलं. मग काय, उशीरच होत गेला. मला शपथ घातली होती."

"अठ्ठावीस वर्षं?"

"अठ्ठावीस वर्षं तू माझ्या मानेकडे बघत होतीस. मला कळायचं हो. मागून डोळे टोचतात ना, तसं. एकदा वाटलं गाडी थांबवावी, म्हणावं, बाई, ये तू पुढे, बस. पण मग डावीकडे कोण बघणार?"

डॉक्टर आले. एक्स-रेचा फोटो बघितला, म्हणाले, हाड जागेवर आहे, घरी न्या.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज राग आला. सकाळपासून दुपारपर्यंत नुसता राग! ह्यांच्या फोटोला हात जोडायला गेले आणि तशीच मागे फिरले. एका डोळ्याचा माणूस मला चालला नसता? एवढीच ओळखलीत का मला? वन्संनी ओढलेल्या त्या अठ्ठावीस वर्षांचं काय? आणि माझ्या कुढण्याचं?

दुपारी मशीनवर बसले आणि सुईत दोरा ओवायला गेले, तर हातच थांबला.

लग्नानंतर नवी नवी शिवणकामं घेत होते तेव्हा मी लाडाने म्हणायचे, जरा दोरा ओवून द्या ना. हे सुई डोळ्यांसमोर धरायचे, चारदा चुकायचे, आणि "हे बायकी काम" म्हणून पळायचे. मी रुसायचे! चहा कपाच्या बाजूला ओतायचे, मी म्हणायचे वेंधळे. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचे, मी म्हणायचे, चौकट काय आज बसवली का? पडद्याची दांडी धरायला लावली की एक टोक खाली, एक वर.

आणि रस्त्याने चालताना नेहमी मला उजवीकडे घ्यायचे. मी डाव्या बाजूला गेले की खांद्याला धरून अलगद इकडे आणायचे. मला वाटायचं खोड आहे. रीत असेल कुठलीतरी. मी चिडवायचेसुद्धा, "डावीकडे काय मी कुरूप दिसते?"

डावीकडे मी दिसतच नव्हते.

संध्याकाळी वन्संच्या खोलीवर गेले, भात-वरण घेऊन. त्या एका हाताने जेवल्या. मी विचारलं, "गाडीतला आरसा नेहमी वाकडा का असायचा? शिकायला गेले तेव्हा मास्तरांनी पहिल्याच दिवशी सरळ करायला लावला."

वन्सं घास ठेवून हसायला लागल्या. खांदा दुखला तरी हसत होत्या.

"अगं, तो रस्त्यासाठी नव्हताच! मी किती ओरडायचे, मागची वाहनं बघायची असतात त्यात! तर म्हणायचा, मागच्या वाहनांना माझी काळजी नसेल तर मी कशाला करू. तुझ्यावर लावून ठेवला होता तो. तू खिडकीशी डोकं टेकून झोपायचीस ना. झोपलीस की शीळ घालायचा."

घरी येऊन गाडीत बसले. अंगणातच, किल्ली न लावता. मागे, माझ्या जागेवर. खूप रडले. बरं वाटलं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

वन्संना आंघोळ घातली. "मी नर्स आहे, माझं मी करीन!" — एका हाताने साबण लावताना पाचदा पाडला. सहाव्यांदा मी उचलला. पाठ चोळून दिली. बारीक पाठ, मणके मोजता येतील अशी. इतकी वर्षं ती पाठ फक्त कपड्यांतली, सीटच्या वर ताठ बघितली होती.

"त्या दिवशी सिग्नलला तुम्ही विचारलं होतंत," मी म्हटलं.

"काय?"

"तुमचं कोण करणार म्हणून."

"ते मी असंच—"

"मी. मी करणार."

पाणी निथळत होतं. वन्सं म्हणाल्या, "मग नीट चोळ की. डावीकडे अजून साबण आहे."

सोमवार, २५ फेब्रुवारी

विमावाल्या बाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, सोबतच्या माणसांचं आधी लिहा, माझं नंतर. बाई मान डोलवायची थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि लिहायला लागल्या.

वन्सं झोळीतला हात घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, नाराज. "जे व्हायचं ते होऊन गेलं, आता विमा! बैल गेला आणि झोपा केला."

"दुसरा बैल आहे ना अजून," मी म्हटलं.

"कोण, मी?"

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, यांना काही झालं तर वारस कोण लावायचा? वन्संनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, नातं सांगा.

मी वाट बघत होते. भावाची बायको म्हणतील. म्हणोत.

"घरची आहे," वन्सं म्हणाल्या. "लिहा काय लिहायचं ते."

बुधवार, १३ मार्च

दांड्यांसाठी सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. मागच्या सीटवर आडवी, झाकणाला कडी. वन्संनी कडी तीनदा ओढून बघितली. झोळी अजून आहे, तरी मापं घ्यायला येतात. एका हाताने फीत धरतात, आकडा दोन हातांच्या जोरावर सांगतात.

वाटेत ह्यांच्या गोष्टी. रोज एक नवी. वन्संना माहीत असलेला भाऊ वेगळा, मला माहीत असलेला नवरा वेगळा. दोघी मिळून तिसराच माणूस तयार होतोय. तो मला आवडतो.

बुधवार, ८ मे

वन्संचा खांदा पुरता बरा झाला, डॉक्टरांनी काल सोडलं. आज सकाळी फाटकाशी उभ्या. मी गाडीचं दार उघडायला गेले, तर माझ्या, ड्रायव्हरच्या बाजूला त्या! पर्समधून शिकाऊ परवाना काढला. सहासष्टाव्या वर्षी! मला कळूही न देता परीक्षा देऊन आल्या होत्या!

"फार वर्षं नुसता रस्ता बघितला," म्हणाल्या. "किल्ली दे."

दिली. वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि बसले. ही सीट आयुष्यात पहिल्यांदाच. इथून गल्ली कितीतरी रुंद दिसते.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली.